आल्याचा वाफा

माझी पणजी लेउंग गाम-मुई हिने शेजारणीकडून घेतलेले वाटीभर मीठसुद्धा कधी दुसऱ्या दिवसापर्यंत अंगावर ठेवले नाही. तिची सून, म्हणजे माझी आजी हो त्साऊ-लान, हिने लढाईच्या धामधुमीत गाव सोडताना आधी समोरच्या घरची सुई परत केली आणि मगच बोचके उचलले. आजीची मुलगी, म्हणजे माझी आई फूंग युक-चान, अखेरच्या दुखण्यात डॉक्टरांना म्हणाली, "काल तुमची छत्री राहिली, दारामागे आहे, आधी ती घ्या." अशा घराण्यात मी जन्मले, आणि असे असूनही पन्नासहून अधिक वर्षे मी, मॉक लाय-क्वॅन, समोरच्या सीतोबाईंच्या एका भांड्याच्या ओझ्याखाली वावरत होते. बागेची हकीकत सांगताना हे आधी सांगणे भाग आहे. नाहीतर एका वाफ्यावरून एवढे रामायण का झाले, हे कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

भांडे म्हणजे बाळंतिणीचे भांडे. जून आले, काळे गोड व्हिनेगर, डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी मातीच्या भांड्यात मुरवत मुरवत शिजवायची आणि बाळंतिणीला महिनाभर खाऊ घालायची, ही आमच्याकडची रीत. हे काम सासूचे. माझा थोरला झाला तेव्हा माझी सासू सीमेपलीकडे अडकलेली आणि आई देवाघरी गेलेली. त्या वेळी आम्ही सरकारच्या जुन्या पुनर्वसन इमारतीत राहत होतो. समोरच्या खोलीत नव्याने लग्न होऊन आलेल्या सीतोबाईंनी इमारतीच्या गच्चीवर रॉकेलच्या डब्यांत आले लावले होते. ते सगळे उपटून त्यांनी भांडे चढवले आणि मला महिनाभर खाऊ घातले.

उपकार करणे ही मोठी गोष्ट आहे, हे मी मान्य करते. पण उपकार विसरल्याचा देखावा करत राहणे ही त्याहून मोठी कला आहे, आणि सीतोबाई त्या कलेत पारंगत आहेत. चहाच्या टेबलावर आल्याचा नुसता वास आला तरी त्या हात झटकून म्हणत, "छे हो, त्या भांड्याचं काय एवढं! मी तर विसरूनसुद्धा गेले." अशा तऱ्हेने त्या पन्नास वर्षे दर आठवड्याला विसरत होत्या. शेवटी एवढे जोडायच्या, "आलं मात्र घरचं होतं हं. बाजारचं नव्हे."

परतफेड केली का नाही, असे कोणी विचारील. त्यांची लेक मन-यी झाली तेव्हा मी आले घेऊन दारात गेले होते. दारात त्यांच्या सासूबाई ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांनी आले हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या घरात अजून सासू जिवंत आहे." पुढे मन-यीचे लग्न झाले, आणि ती आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहू लागली. दोनदा आशा लागली, दोनदा अर्ध्यावर तुटली. त्याविषयी मी येथे अधिक लिहिणार नाही. एवढेच सांगते, की दोन्ही वेळा सीतोबाईंनी आनंदाच्या भरात बातमी सगळ्या इमारतीला आधीच सांगून टाकली होती, आणि नंतर सगळी इमारत रांगेने सांत्वनाला आली होती.

आता बाग. जुनी इमारत पाडल्यावर आम्हां दोघींना शाम शुई पो भागातल्या फूक-निंग वसाहतीत पुन्हा समोरासमोर घरे मिळाली होती. तेथे दोन आणि तीन नंबरच्या इमारतींमध्ये बॅडमिंटनचे एक मैदान होते, ज्यावर कोणीही बॅडमिंटन खेळत नसे. तेथे रहिवाशांसाठी सामूहिक बाग करावी, असे एका साहाय्यक संस्थेच्या मनात आले. संस्थेतर्फे यिपबाई आल्या. पन्नाशीच्या, भल्या मोठ्या गवती टोपीच्या आणि त्याहून मोठ्या उत्साहाच्या. वसाहतीच्या कार्यालयाने एक वर्षाच्या बोलीवर परवानगी दिली. माती, खत, झारी संस्थेची, मेहनत रहिवाशांची.

मला भाजी लावायची हौस नव्हती. या वयात मी चिखलात का वाकावे? पण सीतोबाईंनी अर्ज भरला, आणि भरून झाल्यावर लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "तुम्ही नका हो भरू, मॉकबाई. तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही." मी त्याच लिफ्टने परत खाली गेले आणि अर्ज भरला.

सोडत निघाली. सीतोबाईंना दहा नंबरचा वाफा मिळाला, जेथे सकाळपासून ऊन पसरते. मला नऊ नंबरचा, त्यांच्या लगतचा, जेथे तीन नंबरच्या इमारतीची सावली दुपारभर मुक्कामाला असते आणि वरच्या मजल्यांवरील वातानुकूलन यंत्रांचे पाणी टपटप गळते. दोन्ही वाफ्यांत एका विटेचे अंतर. नशिबाने माझी थट्टा करायचे ठरवले तर ते कधी अर्धवट करत नाही.

मी चोय-समची पालेभाजी लावली. सल्ला द्यायला अर्थातच सगळी वसाहत आली. ताय-ची करणाऱ्या मंडळींनी वाफ्याचे तोंड चुकीच्या दिशेला असल्याचे सांगितले. जमिनीतल्या वाफ्याचे तोंड कसे फिरवतात हे मात्र कोणी सांगितले नाही. पत्ते कुटणाऱ्या बायका म्हणाल्या अंड्याची टरफले घाला. सोडतीत नाव न निघालेले कामसाहेब रोज कठड्याला टेकून बासरी वाजवत आणि मध्येच थांबून म्हणत, "मेली वाटतं." भाजी खरोखरच मेली. पलीकडे सीतोबाईंची चोय-सम अशी तरारली की वसाहतीचे पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. सीतोबाई रोज एक जुडी माझ्या दाराच्या कडीला अडकवून जात. "घ्या, तुमच्याकडे ऊन नाही ना."

भांडे होतेच. त्यावर आता जुड्या चढू लागल्या.

शेवटी मी यिपबाईंना बोलावून घेतले. "बाई, सावलीत काय वाढतं ते सांगा. आणि समूहभावना वाढते असं सांगू नका, ते मागच्या सभेत झालं."

यिपबाईंनी टोपी वर सारली. "आलं लावा की, मॉकआजी. आल्याला सावली मानवते. काढायला मात्र हिवाळा उजाडेल."

मी कोणतेही काम अर्धे करत नाही. बाजारातून डोळे फुटलेले आले निवडून आणले आणि अख्खा वाफा आल्याने भरून टाकला. माती सारखी केली, हात धुतले आणि मान ताठ करून घरी आले. आपण काय करून बसलो, याची मला तेव्हा जराही कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या उपाहारगृहात पाऊल टाकले, तर टेबलावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मला वाटले वयाचा मान. मग एकीने माझे दोन्ही हात धरले आणि डोळे भरून म्हणाली, "अभिनंदन हं, मॉकबाई. आम्ही काही बोलणार नाही."

"कशाबद्दल?"

"बरोबर आहे. तीन महिने होईपर्यंत कशाबद्दलच नाही." आणि तिने मला डोळा मारला. मला. या वयात.

आता प्रकाश पडला. म्हातारी बाई जेव्हा अख्खा वाफा आल्याने भरते, तेव्हा तिच्या घरी हिवाळ्यात बाळंतीण असते. आमच्या लोकांत याचा दुसरा अर्थच होत नाही. आणि आमच्या घरात मूल होण्याच्या वयाची एकच व्यक्ती होती. माझी नात होय-चिंग. वय एकोणतीस, नोकरी दाताच्या दवाखान्यात, लग्न झालेले नाही.

मी तेथल्या तेथे ठणकावून सांगितले, "आमच्याकडे असं काही नाही."

टेबलावर समाधानाची एक लहर पसरली. कारण पहिले तीन महिने बातमी फोडायची नसते, फोडली तर बाळ रुसते. त्यामुळे घरची वडीलधारी बाई जितक्या जोराने नाही म्हणेल, तितकी बातमी पक्की. मी इतक्या जोराने नाही म्हटले होते की एकीने तर जुळी असतील असा अंदाज बांधला. ज्या समाजात नकाराचा अर्थ होकार होतो, तेथे सत्यवचनी माणसाने बोलावे तरी काय? मी चहा न पिता उठले. तेही योग्यच मानले गेले. "काळजी आहे हो बिचारीला," असे मागून ऐकू आले.

त्यानंतर वसाहत कामाला लागली. बाजारातला खाटीक माझ्यासाठी डुकराचे पाय राखून ठेवू लागला. व्हिनेगरच्या दुकानदाराने एक बरणी हातात कोंबली. दाराच्या कडीला आता अंडी लटकू लागली. एके संध्याकाळी होय-चिंग घरी आली, चपला काढल्या आणि माझ्यासमोर बसली.

"आजी, आज वॉचमननं माझी पर्स उचलून लिफ्टपर्यंत आणली."

"चांगले संस्कार आहेत त्याच्यावर."

"लिफ्टमध्ये सहा जण होते. सगळे बाहेर पडले, मला मोकळी हवा मिळावी म्हणून. आणि सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्या पोटाला वाकून नमस्कार केला. काय चाललंय हे?"

मी सांगितले. ती आधी लाल झाली, मग हसत सुटली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "तरीच! डॉक्टरीणबाईंनी मला आज एक्स-रेच्या खोलीतून हाकललं. त्यांची आई आपल्या इमारतीत राहते ना!"

"उद्याच आलं उपटून टाकते," मी म्हणाले. माझा निर्णय पक्का होता. आले ते काय, घराण्याच्या अब्रूपेक्षा मोठे नव्हते.

सकाळी खुरपे घेऊन वाफ्याशी गेले, तर तेथे मन-यी उकिडवी बसली होती. माझ्या वाफ्यातला एक कोवळा कोंब तिच्या तोंडात. मला पाहून ती दचकली आणि कोंब गिळला.

"चोरी करतेस? तुझ्या आईच्या वाफ्यात काय दुष्काळ पडलाय?"

"मावशी, रागावू नका. आलं चघळलं की जरा मळमळ थांबते." आणि बोलता बोलता तिने जीभ चावली.

मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. मी खुरपे मागे लपवले, का ते मला सांगता येणार नाही.

"कितवा?"

"तिसरा सरत आलाय." मग तिने माझी बाही पकडली. "आईला नाही सांगितलं. तीन महिने झाले तरी नाही सांगणार. दिसायला लागेपर्यंत कुणालाच नाही. मागच्या दोन वेळी काय झालं, तुम्हाला माहीत आहे. ती मुद्दाम नाही करत हो, पण तिच्या पोटात आनंद राहत नाही. या वेळी कुणी दारात येऊन रडलेलं मला सहन व्हायचं नाही. मावशी, तुम्हाला माझी शपथ."

ही मुलगी माझ्यासमोर वाढली. तिच्या गुडघ्याला पहिले औषध मी लावले. एकोणचाळीस वर्षांची बाई माझी बाही धरून उभी होती. मी शपथ घेतली. आणि घेता घेता दुसरा विचार मनात लख्ख उभा राहिला. मन-यीची सासू व्हँकुव्हरला राहते आणि बाळंतिणीला गोळ्या पुरतात असे म्हणते. सीतोबाईंच्या गावच्या रीतीप्रमाणे माहेरने भांडे चढवायचे नसते, कारण ते सासरच्या तोंडावर मारल्यासारखे होते. म्हणजे हिवाळ्यात या मुलीला भांडे कोण घालणार? माझ्या पायाशी, सावलीत, माझ्या हाताने लावलेले आले उभे होते. बाजारचे नव्हे.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा परतफेडीची वाट दिसत होती. त्यासाठी एकच गोष्ट करायची होती: हिवाळ्यापर्यंत आले जमिनीत राहू द्यायचे, आणि तोवर सगळ्या वसाहतीचा संशय मुकाट्याने आपल्या घरावर घ्यायचा. संशय माझ्यावर असता तर मी सहज घेतला असता. तो होय-चिंगवर होता.

त्या रात्री जेवताना मी तिच्या वाटीत माशाचा सर्वांत चांगला तुकडा वाढला.

"काय हवंय, आजी?"

"आलं राहू द्यायचंय. कारण विचारू नकोस."

तिने माशाचा काटा काढून बाजूला ठेवला. "मन-यीताई परवा जिन्यात काहीतरी चघळत होती," ती सहज म्हणाली. "आल्याचा वास वाटला. मी काही विचारलं का?"

"नाही."

"मग ठीक. पण एक अट. माझ्या लग्नाचा विषय बंद."

"मध्य-शरद सणापर्यंत."

"कायमचा."

"पुढच्या नववर्षापर्यंत, आणि तेही तुझ्या आत्या आल्या नाहीत तर."

"आजी, उद्या मी चहाच्या टेबलावर जाऊन पोटावर हात फिरवू शकते, किंवा ओरडून सगळं नाही म्हणू शकते. दोन्हीचा परिणाम एकच होतो म्हणा, पण तरी."

मी आयुष्यभर मासेवाल्यांशी घासाघीस केली आहे, पण असा सौदा कधी हरले नव्हते. कायमचा बंद.

एवढ्यावर भागले असते तर ही गोष्ट घडलीच नसती. काही दिवसांनी कार्यालयाकडून सूचना आली. एका वाफ्यात एकाच पिकाने अर्ध्याहून अधिक जागा व्यापू नये, असा बागेचा नियम होता, आणि माझ्या वाफ्याविरुद्ध निनावी तक्रार होती. निनावी तक्रार म्हणजे आमच्या वसाहतीत जिचे अक्षर सगळ्यांना ओळखता येते अशी तक्रार. कामसाहेबांची अक्षरेसुद्धा बासरीसारखी आडवी असतात. आले उपटा, नाहीतर वाफा परत करा.

मी कार्यालयात गेले. पर्यवेक्षक तोंगसाहेब हे सद्गृहस्थ. सज्जन अधिकारी नियमाच्या आत राहून मदत करू पाहतो आणि माणसाला पुरता बुडवतो, हे मला त्या दिवशी कळले.

"मॉकआजी, पंधराव्या कलमात सवलत आहे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कौटुंबिक प्रथेची निकड असेल तर एक पीक चालतं. तुम्ही काही बोलू नका. मला सगळं माहीत आहे. आमच्या हिनं सांगितलं."

"साहेब, आमच्या घरात..."

"बोलू नका म्हटलं ना! तीन महिने व्हायचेत." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: 'कुटुंबात जन्म अपेक्षित.' वर शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांचे डोळे पाणावले होते. मी नकार दिला असता तर आले गेले असते. खरे सांगितले असते तर शपथ मोडली असती. मी पाठ ताठ ठेवून आभार मानले. तीन पिढ्यांत कोणी खोट्या शिक्क्याचे आभार मानले नव्हते.

शिक्का एकदा मारला की तो स्वतःच्या पायांनी चालू लागतो. बागेच्या विभागातून तो घरवाटप विभागात गेला, आणि तेथून पत्र आले: अपेक्षित सदस्याची नोंद करण्यासाठी पित्याचे नाव, तो सदनिकेत राहणार आहे काय, आणि राहणार असल्यास त्याचे मासिक उत्पन्न कळवावे.

होय-चिंगने पत्र दोनदा वाचले. "आजी, उत्पन्न काय लिहू? माणूसच नाही म्हणजे शून्यच की. मग गरीब म्हणून सवलत मिळेल का?"

"तुला थट्टा सुचतेय."

"मला मोठं घर सुचतंय. माणसं वाढली की खोली वाढते." तिने पत्राची घडी घातली, आणि मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "काल दवाखान्याच्या कँटीनमध्ये दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या. मी गेल्यावर गप्प झाल्या. एवढंच. बाकी मजा आहे."

त्या रात्रीही मी तिच्या वाटीत माशाचा चांगला तुकडा वाढला, आणि या वेळी तिने काय हवे आहे असे विचारले नाही.

सीतोबाईंचे वागणे या काळात सर्वांत चमत्कारिक होते. मी धरून चालले होते की त्या डांगोरा पिटतील. त्यांनी तो पिटलाच, परंतु त्यात विष नव्हते. त्या संध्याकाळी आपली झारी माझ्या वाफ्यावर रिकामी करत. एकदा मी रागाने म्हणाले, "आमच्या पोरीच्या नावानं बाजार उठलाय आणि तुम्ही पाणी घालताय?"

"मग काय उन्हात वाळवू?" त्या म्हणाल्या. "नवरा असो नसो, पोर येतंय ना कुणाच्या तरी घरी? आमच्या भांड्याचं काय, आमच्या नशिबात ते नव्हतंच. तुमचं तरी चढू दे."

त्या हे हसत म्हणाल्या. माझी शपथ माझ्या घशात आल्याच्या तुकड्यासारखी जळजळत होती.

तीन महिने उलटले तरी होय-चिंगचे पोट दिसेना; ते दवाखान्याच्या सैल कोटात लपले आहे, असे वसाहतीने ठरवून टाकले. मध्य-शरद सणाच्या आधी बागेच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम ठरला. बाग पुढे ठेवायची की तेथे मोटारसायकली लावायच्या, याचा निर्णय त्या दिवशी कार्यालयाचे एक वरिष्ठ अधिकारी पाहून करणार होते. कागदी कंदील, लाल खुर्च्या, ध्वनिक्षेपक. यिपबाईंनी नवी टोपी घातली होती. वरिष्ठ आले, त्यांनी चोय-सम पाहिली, भोपळे पाहिले आणि माझ्या वाफ्याशी थांबून विचारले, "हे एवढं आलं कशाला?"

तोंगसाहेब त्यांच्या कानात काही कुजबुजले. वरिष्ठांनी माझ्याकडे पाहून आदराने मान तुकवली. मी जमिनीत शिरायला तयार होते, पण तेथे आले होते.

मग सीतोबाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. तो त्यांना कोणी दिला नव्हता.

"माझ्या शेजारणीच्या घरी बाळ येणार आहे," त्या म्हणाल्या. "लोक काय बोलतात ते मी ऐकलंय. बोलणाऱ्यांनी आपापल्या घरी जाऊन बोलावं. होय-चिंग, इकडे ये, पोरी."

त्यांनी पिशवीतून एक लाल घडी काढली. उलगडली, तेव्हा ती बाळ पाठीशी बांधण्याची झोळी निघाली. तिच्यावर कमळे आणि मासे भरलेले होते. इतके बारीक टाके की शिवताना एक माणूस कित्येक हिवाळे खिडकीशी बसले असावे. अशी झोळी बाळाच्या आईची आई शिवते. ती त्यांनी कोणासाठी शिवली होती, हे त्या मैदानातल्या प्रत्येक बाईला कळले.

"माझ्याकडे पडून कसर लागेल," सीतोबाई म्हणाल्या. "तू वापर."

होय-चिंगने हात पुढे केले नाहीत. तिने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या घराची बदनामी सोसली असती, पण ही झोळी नाही. आता शपथ मोडते की काय, असे मला वाटले, तोच लाल खुर्च्यांच्या मागच्या रांगेतून मन-यी उठली. सैल सदरा घालून ती महिनोन्‌महिने भिंतीच्या कडेकडेने चालत होती. आता ती मधल्या वाटेने सरळ पुढे आली, उन्हात उभी राहिली आणि तिने सदरा दोन्ही बाजूंनी मागे ओढला.

"आई, ती झोळी इकडे दे."

पन्नास वर्षांच्या शेजारात मी सीतोबाईंना पहिल्यांदाच गप्प झालेले पाहिले. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातातच होता; त्यातून त्यांचा श्वास सगळ्या वसाहतीला ऐकू येत होता.

"कितवा?" त्यांनी शेवटी विचारले.

"सहावा संपला. सगळं ठीक आहे, आई. डॉक्टरांनी सांगितलंय. तुला नाही सांगितलं, कारण..."

"कारण मी भोंगा आहे," सीतोबाई भोंग्यातून म्हणाल्या, आणि मग त्या रडू लागल्या. हसू लागल्या असेही म्हणता येईल. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला माहीत होतं! तुमच्या पोरीवर एवढं बालंट आलं, आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुमच्याच लेकीनं शपथ घातली होती," मी म्हणाले. "आणि मी भोंगा नाही."

होय-चिंगला लोकांनी गराडा घातला. ज्या आजोबांनी तिच्या पोटाला नमस्कार केला होता, त्यांनी तो परत मागितल्यासारखा चेहरा केला. कँटीनमधल्या दोघींपैकी एकीची मावशी तेथे हजर होती, हे कळल्यावर माझ्या नातीने मुद्दाम मोठ्याने हसून घेतले.

पण शिक्का तेथेच होता. वरिष्ठ खाकरले. जन्म मॉक कुटुंबात अपेक्षित नसल्यामुळे पंधराव्या कलमाची सवलत रद्द होत होती. आले आजच काढावे लागणार होते. आले अजून कोवळे. भांड्याला जून आले लागते. तोंगसाहेबांचा चेहरा इतका पडला की मलाच त्यांना धीर द्यावासा वाटला.

येथे यिपबाईंनी टोपी काढली. वर्षभरात प्रथमच. "साहेब, शेजारचे दोन वाफे एकत्र करून एकच वाफा म्हणून घेता येतो का? मग अर्ध्यात चोय-सम, अर्ध्यात आलं. अर्ध्याहून अधिक काहीच नाही."

वरिष्ठांनी विचार केला. असे करू नये असे कोठेही लिहिलेले नव्हते. फक्त दोन्ही वाफ्यांमधली वीट काढावी लागणार होती, आणि जोडवाफ्यावर दोघींची नावे लागणार होती.

"माझं नाव आधी," मी म्हणाले. "मी मोठी आहे."

"दोन वर्षांनी!" सीतोबाई म्हणाल्या. "आणि ऊन माझ्याकडचं आहे."

वरिष्ठांनी घड्याळ पाहिले आणि बाग पुढे चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. मोटारसायकलींना दुसरी जागा पाहण्यास सांगण्यात आले. वीट कामसाहेबांनी उचलली. निनावीपणे नव्हे, सगळ्यांसमोर. नाव माझे आधी लागले.

हिवाळ्यात आम्ही दोघींनी आले काढले. सीतोबाई सारख्या म्हणत, "हळू, तोडाल." ते जून, पिवळेधमक, बोटांसारखे फांद्या फुटलेले निघाले. मी ते माझ्या हाताने खरवडले, सोलले, चिरले, कोरड्या कढईत परतले आणि काळ्या व्हिनेगरात मुरत ठेवले. खाटकाने राखून ठेवलेले डुकराचे पाय आता खरोखरच कामी आले. मंद आचेवर भांडे चढले, आणि त्याचा वास जिन्याने वर-खाली हिंडू लागला. या वेळी मला कोणाला काही नाही म्हणावे लागले नाही.

मन-यीला मुलगी झाली. ती रुग्णालयातून घरी आल्यावर मी भांडे घेऊन दोन मजले उतरले. होय-चिंगने फक्त दार उघडले. भांड्याला मी तिला हात लावू दिला नाही. सीतोबाई तेथेच होत्या, लाल झोळी पाठीशी बांधून. झोळीत बाळ होते आणि ते झोपले होते.

मन-यीने पहिले अंडे खाल्ले. डोळे मिटले. दुसरे घेतले.

सीतोबाईंनी चमचा उचलला. मी मान ताठ केली. त्यांनी रस्सा चाखला, जिभेवर फिरवला, मग आल्याचा एक तुकडा तोंडात टाकून हळूहळू चावला. शोधत होत्या. मला ठाऊक होते त्या शोधत होत्या. मीठ कमी, व्हिनेगर स्वस्तातले, काहीतरी.

"मॉकबाई," त्या म्हणाल्या, "त्या वेळी माझं आलं कोवळं होतं. डब्यातलं. वेळेआधी उपटलं, कारण तुमचं पोर वेळेआधी आलं. कुणाला कधी सांगितलं नाही." त्यांनी दुसरा तुकडा घेतला. "हे जून आहे. हे खरं भांडं. फिटलं, बाई. सगळं फिटलं."

बाळ झोळीत हलले. त्या उभ्याउभ्याच डोलू लागल्या आणि पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

त्यांच्या घरी, त्यांच्या लेकीच्या घरी, मी पन्नास वर्षे खुर्चीच्या कडेवर बसत आले होते. त्या दिवशी मी पूर्ण बसले आणि पाठ टेकली.